पत्र कुणाचं, चित्र कुणाचं?

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वयंपाकघरातून वड्यांचा वास यायला लागला आहे, त्यामुळे वक्त्यांनी आवरतं घ्यावं अशी एक मूक सूचना आम्हाला मिळालेलीच आहे. तरीही थोडा वेळ मागून घेतो, कारण आज आपण ज्या कामासाठी पैसे गोळा करतो आहोत, त्याबद्दल दोन अडचणीचे प्रश्न आले आहेत. ते टाळून देणगी मागणं आम्हाला बरं वाटत नाही.

काम सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतली दोन जुनी वाचनालयं, त्यांच्या कपाटांतली हस्तलिखितं, मोडी कागद, पत्रव्यवहार आणि तसबिरी यांचं जतन आणि स्कॅनिंग. आम्ही काही सॉफ्टवेअरवाले सभासद त्याची तांत्रिक बाजू बघतो. यादी करायला सुरुवात झाली आणि दोन बाजूंनी हरकती आल्या. एक काका म्हणाले, "लोकांची खाजगी पत्रं जगाला कशाला दाखवायची? आणि त्यातली काही तर बनावट आहेत असं गावातच बोललं जातं." दुसऱ्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुमहाराजांची तसबीर तुम्ही त्या मशीनवर पालथी घालणार? पूजेतली वस्तू आहे ती!"

दोन्ही प्रश्न खरे आहेत. 'आजकाल सगळं ऑनलाइन असतं' हे त्याचं उत्तर होत नाही. म्हणून आम्ही असं उदाहरण शोधलं, जिथे हेच दोन वाद, म्हणजे वादग्रस्त पत्रं छापावीत का आणि पूज्य चित्रं दाखवावीत का, पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. ते सापडलं थिऑसॉफीच्या इतिहासात. गंमत म्हणजे त्याची सुरुवात आपल्या शेजारीच झाली.

थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली १८७५ मध्ये, न्यूयॉर्कला. आपण न्यू जर्सीहून शनिवारी नाटक बघायला मॅनहॅटनमध्ये जातो ना, त्याच भागात, सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर, आठव्या अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर मादाम ब्लाव्हाट्स्की राहत असत. जन्माने रशियन, बुद्धीने तल्लख आणि स्वभावाने तिखट. त्यांच्यासोबत कर्नल ऑल्कॉट आणि विल्यम क्वान जज हे प्रमुख संस्थापक. आपण सगळे मुंबईहून इकडे आलो. ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट उलट्या दिशेने गेले. फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईला उतरले, आधी गिरगावात राहिले, मग ब्रीच कँडीला. त्यांचं 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक ऑक्टोबर १८७९ मध्ये मुंबईतूनच निघालं. १८८२ च्या अखेरीस मुक्काम मद्रासजवळच्या अड्यारला हलला.

या मुंबईच्या दिवसांत तुकाराम तात्या यांच्यासारखी आपली माणसं सोसायटीत आली. तुकोबांच्या अभंगांची गाथा छापणारे तेच हे तुकाराम तात्या. आणि आला एक तरुण, दामोदर मावळंकर. अहमदाबादेत स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीय कऱ्हाडे ब्राह्मण घरातला. दामोदरचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पत्रांकडे वळू. ब्लाव्हाट्स्कींचं म्हणणं असं की त्यांच्यामागे हिमालयापलीकडचे सिद्ध पुरुष आहेत. मौर्य आणि कूट हूमी ही त्यांची नावं. अलाहाबादच्या 'पायोनियर' या वृत्तपत्राचे संपादक सिनेट यांना १८८० पासून पुढची काही वर्षं या महात्म्यांची म्हणून पत्रं मिळत गेली. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला माहीत असलेले ह्यूमसाहेबही या पत्रव्यवहारात होते. निळ्या आणि लाल पेन्सिलीने किंवा शाईने लिहिलेली, बहुतेकांवर तारीख नाही, कधी टपालाने, तर कधी चमत्कार वाटावा अशा रीतीने आलेली. ती खरोखर कोणी लिहिली? श्रद्धावंत म्हणतात महात्म्यांनी, टीकाकार म्हणतात बाईंनीच. हा निकाल आम्ही आज लावणार नाही. तो लावणं आमचं काम नव्हे. आम्हाला रस आहे तो या कागदांचं पुढे काय झालं यात.

पहिला स्फोट झाला सप्टेंबर १८८४ मध्ये. अड्यारला घरकाम बघणाऱ्या एमा कूलोम या बाईंचं सोसायटीशी बिनसलं आणि त्यांनी ब्लाव्हाट्स्कींची म्हणून काही पत्रं 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'ला दिली. त्यांत चमत्कार घडवण्याच्या युक्त्यांचे उल्लेख होते. ब्लाव्हाट्स्कींनी ती बनावट ठरवली. लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसन या तरुणाला चौकशीला पाठवलं आणि डिसेंबर १८८५ च्या अहवालात बाईंवर फसवणुकीचा ठपका आला. त्यात दामोदरलाही साथीदार ठरवलं गेलं. पण दामोदर होता कुठे? तो फेब्रुवारी १८८५ मध्येच, सत्ताविसाव्या वर्षी, अड्यार सोडून दार्जिलिंगमार्गे तिबेटकडे निघून गेला होता आणि पुन्हा कधी परतला नाही. ज्याच्यावर ठपका, तो उत्तर द्यायला जागेवरच नाही. छापील अहवाल राहिला, माणूस गेला. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोचणारी गोष्ट ही आहे.

अक्षराच्या तपासणीचं काय झालं तेही ऐका. लंडनचे हस्ताक्षरतज्ज्ञ नेदरक्लिफ्ट यांनी पहिले नमुने बघून सांगितलं, हे ब्लाव्हाट्स्कींचं अक्षर नाही. जास्त नमुने बघितल्यावर म्हणाले, त्यांचंच आहे. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या एका तज्ज्ञाने छातीठोक सांगितलं, मुळीच नाही! म्हणजे तज्ज्ञाचं सर्टिफिकेट जोडलं की वाद मिटतो, असं काही नसतं.

मग एक शतक गेलं. १९८६ मध्ये त्याच सायकिकल रिसर्च सोसायटीच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांचा लेख आला. हे गृहस्थ बनावट कागदपत्रं ओळखण्याच्या विद्येतले जाणकार. त्यांनी हॉजसनच्या पद्धतीतले दोष एकेक करून मांडले आणि तो अहवाल निर्णायक मानता येणार नाही असं म्हटलं. पुढे महात्म्यांच्या पत्रांच्या १३२३ रंगीत स्लाइड्स तपासून त्यांनी १९९७ मध्ये पुस्तकही काढलं. हॅरिसन यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही. पण त्यांना तपासता आलं, हे महत्त्वाचं. का आलं? कारण सिनेट यांच्याकडची मूळ पत्रं १९३९ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेली आणि आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. कोणीही अभ्यासक जाऊन बघू शकतो.

आणि कूलोमबाईंची पत्रं? त्यांची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. राहिला फक्त छापील मजकूर. त्यामुळे तो वाद कधीच संपणार नाही. ना दोष सिद्ध होईल, ना निर्दोषपण. एकाच काळातले दोन गठ्ठे, दोन्ही वादग्रस्त. एक जपला गेला, एक हरवला. जपलेल्याबद्दल निदान शहाणपणाने भांडता येतं. हरवलेल्याबद्दल नुसतंच भांडता येतं!

आता काकांचा प्रश्न. पत्र खाजगी असेल तर? इथेही तोच होता. खुद्द कूट हूमींच्या पत्रांत सिनेट यांना बजावलेलं आहे की ही पत्रं प्रसिद्धीसाठी लिहिलेली नाहीत, तशी वापरायला आमची संमती नाही. दुसरीकडे सिनेट यांनी १८८१ मध्येच आपल्या पुस्तकात त्यांतले उतारे वापरले होते. १९२१ मध्ये सिनेट वारले. पत्रं मृत्युपत्राने मॉड हॉफमन या अमेरिकन अभिनेत्रीकडे आली. त्यांनी ती ट्रेव्हर बार्कर यांच्या हाती दिली आणि डिसेंबर १९२३ मध्ये लंडनला सगळी पत्रं ग्रंथरूपाने बाहेर आली.

केवढी खळबळ! एक पक्ष म्हणाला, हा विश्वासघात आहे. लिहिणाऱ्याने नको म्हटलेलं, तुम्ही बाजारात मांडलंत. दुसरा पक्ष म्हणाला, मूळ शिकवण आणि नंतरच्या पुढाऱ्यांनी सांगितलेली शिकवण यांत फरक पडला आहे. तो सामान्य सभासदाने ताडून बघू नये म्हणून तर ही पत्रं बंद ठेवायची नव्हती ना? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. आणि शेवट बघा कसा झाला. १९६२ मध्ये याच पत्रांची सुधारित तिसरी आवृत्ती निघाली ती अड्यारहून, सोसायटीच्या स्वतःच्या प्रकाशनातर्फे. १९९३ मध्ये फिलिपीन्समधून तारीखवार लावलेली आवृत्ती आली. जे छापणं चाळीस वर्षांपूर्वी अनेकांना खुपलं होतं, तेच घरचं झालं.

लपवण्याने काय होतं, याचीही दोन उदाहरणं आहेत. पहिलं आहे संस्थापक जज यांचं. आडनाव जज, पण १८९४ मध्ये उभं राहावं लागलं आरोपीच्या पिंजऱ्यात. आपल्याला होमरूलमुळे माहीत असलेल्या अ‍ॅनी बेझंट यांनी आरोप केला की जज महात्म्यांच्या नावाने स्वतःच चिठ्ठ्या लिहितात. लंडनला चौकशी समिती बसली, पण हा आमच्या अधिकारातला विषय नाही असं म्हणून ती उठली. मग वर्तमानपत्रात सगळं उघड्यावर आलं आणि १८९५ मध्ये अमेरिकन शाखा वेगळी झाली. त्याच वर्षी जज यांनी अलाहाबादच्या सभासदांना उद्देशून आलेलं एक जुनं पत्र छापलं. त्यात सनातनी ब्राह्मण सभासदांना चार कडक शब्द सुनावलेले होते. ऑल्कॉट यांनी ते पत्र खोटं ठरवलं. पुढे १९२३ चं पुस्तक आलं आणि त्यात तेच पत्र निघालं! १८८१ मध्ये ब्लाव्हाट्स्कींनी ते सिनेटना लिहून पाठवलं होतं. म्हणजे निदान ते पत्र तरी जज यांनी रचलेलं नव्हतं. पण जज १८९६ मध्येच वारले होते. कागद पेटीत होता, माणसाला मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

दुसरं उदाहरण थेट मुंबईचं. ऑगस्ट १९०० मध्ये मंत्री आडनावाच्या एका गृहस्थांनी मुंबईहून बेझंटबाईंना पत्र लिहिलं. ते इंग्लंडमध्ये उघडलं, तर मागच्या कोऱ्या बाजूवर कूट हूमींच्या अक्षरात मजकूर! सोसायटीचे विद्वान नेते जिनराजदास यांनी १९१९ मध्ये ते छापलं, पण काही भाग गाळून. गाळलेला मजकूर सर्वांसमोर यायला १९८७ साल उजाडलं. मधली अडुसष्ट वर्षं लोक काय करत होते? तर गाळलेल्या जागेत काय असेल याचे तर्क. गाळलेली ओळ ही छापलेल्या ओळीपेक्षा जास्त वाचली जाते, हा त्यातला धडा.

आणि याच पत्रात एक विचार आहे जो मावशींच्या प्रश्नाला जाऊन भिडतो. आमच्या मूर्ती करून आम्हाला आळवत बसू नका, अशा अर्थाची कानउघाडणी त्यात आहे. पण तोवर चित्रं तर तयार झालेली होती!

१८८४ च्या जूनमध्ये लंडनला श्मीशेन नावाच्या जर्मन चित्रकाराने मौर्य आणि कूट हूमी यांची दोन तैलचित्रं रंगवायला घेतली. समोर कोणी बसलेलं नव्हतं. ब्लाव्हाट्स्कींच्या सान्निध्यात, सांगितलेल्या वर्णनावरून आणि त्या मंडळींच्या श्रद्धेनुसार अंतःप्रेरणेने ती निघाली. ती अड्यारला नेऊन वेगळ्या खोलीत ठेवली गेली. सर्वांना खुली नव्हती. निवडक साधकांना प्रती मिळत, त्याही बाहेर दाखवायच्या नाहीत या अटीवर. त्यामागची भावना आपल्याला परकी नाही. देव्हाऱ्यातला टाक आपण दिवाणखान्यात शोभेला मांडत नाही, तसंच ते. ब्लाव्हाट्स्कींनी स्वतः १८८९ च्या 'द की टु थिऑसॉफी'मध्ये हळहळ व्यक्त केली की महात्म्यांची नावं जगापुढे आली आणि भोंदू लोकांनी ती धंद्याला लावली. नावांचं हे झालं, तर चेहऱ्यांचं काय होणार, ही भीती साधकांना वाटली तर नवल नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. खाजगी प्रतींच्या प्रती निघाल्या, इतर गटांनी त्या छापल्या, आणि आज ती चित्रं कोणालाही घरबसल्या बघता येतात. कुलूप टिकलं नाही. पण कुलूप लावणारे चुकले असंही आम्ही म्हणणार नाही, कारण पत्र आणि पूजेतलं चित्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पत्र हा पुरावा असतो. त्यावरून कोणावर आरोप होतात, कोणाची सुटका होते. ते लपवलं तर दामोदरसारख्या, जजसारख्या माणसावर अन्याय होऊ शकतो. पूजेतल्या चित्राने कोणावर खटला उभा राहत नाही. ते न दाखवल्याने सत्याचं फारसं बिघडत नाही, आणि नको तसं दाखवल्याने कोणाचं तरी मन खरोखर दुखावतं. म्हणून दोन्हींना एकच नियम लावू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

हा वाद जुना झाला असं समजू नका. २००३ मध्ये इलिनॉयमधल्या व्हीटनहून ब्लाव्हाट्स्कींच्या पत्रांचा पहिला खंड निघाला, संपादक जॉन अल्जिओ. त्यात विरोधकांच्या पुस्तकांतून घेतलेली पत्रंही होती. १८७२ मध्ये ओडेसाहून रशियन गुप्त पोलिसांना लिहिलेलं म्हणून सांगितलं जाणारं पत्रसुद्धा होतं. काही थिऑसॉफिस्ट संतापले: बाईंच्या बदनामीचा मजकूर बाईंच्याच नावावर छापता? संपादकीय भूमिका अशी की शंका असेल तर ती नोंदवून छापावं. आम्हाला ही भूमिका पटते, पण एका अटीवर. ती शंका तळटीपेत बारीक अक्षरात नको, पत्राच्या डोक्यावर हवी. आपण कॉम्प्युटरवाले रोज अनुभवतो की माहितीबरोबर तिच्या उगमाची नोंद चिकटलेली नसेल, तर दोन कॉपी-पेस्टनंतर अफवेची बातमी होते.

तर मंडळी, या सगळ्यातून आम्ही आपल्या कामासाठी पाच नियम केले आहेत. समितीने ते मान्य केले आहेत, आज तुमच्यासमोर ठेवतो.

एक, मूळ कागद आधी जपायचा, स्कॅनिंग नंतर. आम्लविरहित कागदाची वेष्टनं आणि खोकी यांचा खर्च पहिला. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे.

दोन, प्रत्येक पत्राच्या माथ्यावर लिहायचं: कोणाकडून आलं, कधी, कोणाच्या ताब्यात होतं, आणि खरेपणाबद्दल कोणाची काय हरकत आहे. वादग्रस्त पत्र वगळायचं नाही, पण एकटंही सोडायचं नाही.

तीन, काही गाळलं तर किती ओळी, कोणी आणि का गाळल्या, ते तिथेच सांगायचं.

चार, लिहिणाऱ्याने प्रसिद्ध करू नये असं म्हटलं असेल, तर ती इच्छाही नोंदवायची. हयात माणसांच्या घरगुती गोष्टी असतील तर घरच्यांशी बोलून मुदत ठरवायची आणि तोवर कागद बंद ठेवायचा. बंद ठेवायचा, फाडायचा नाही.

पाच, आणि हे खास मावशींसाठी. पूजेतली कोणतीही तसबीर काचेवर पालथी घातली जाणार नाही. वरून फोटो घेणारा कॅमेरा-स्टँड घेणार आहोत. तसबीर उताणी, स्वच्छ कापडावर, आणि देव्हाऱ्यातून ती काढायची आणि परत ठेवायची ती घरच्याच माणसांनी. फोटो जतनासाठी राहील. तो लोकांना दाखवायचा की नाही, हे त्या घराने किंवा मठाने ठरवायचं, वाचनालयाने नाही आणि आम्ही तर नाहीच नाही.

काका आणि मावशी दोघेही आज पुढच्या रांगेत बसले आहेत. नियम ऐकून मावशींनी आत्ताच मान डोलावली. काकांनी अजून डोलावलेली नाही. चौथ्या नियमातली मुदत किती वर्षांची, यावर त्यांचं आणि आमचं एकमत व्हायचं आहे. होईल. मतभेद लेखी नोंदवून ठेवायचे, हेच तर आपण शिकलो!

निधी कशावर खर्च होणार तेही सांगतो: खोकी आणि वेष्टनं, कॅमेरा-स्टँड, हार्ड डिस्कच्या दोन प्रती दोन वेगळ्या गावांत ठेवण्याची सोय, आणि सर्वांत जास्त म्हणजे मोडी वाचणाऱ्या माणसांचं मानधन. मशीन एकदाच घ्यावं लागतं, वाचणारा माणूस रोज लागतो. मोडी सफाईने वाचणारी माणसं थोडी उरली आहेत, आणि त्यातली बरीच वयस्कर आहेत. हे काम पाच वर्षांनी करू म्हटलं तर कागद असतील, वाचणारे नसतील.

दामोदर मावळंकरबद्दल आज काही बोलता येतं ते केवळ त्याच्या काळच्या लोकांनी कागद ठेवले म्हणून. त्याच्या विरुद्धचेही ठेवले, बाजूचेही ठेवले. आपल्या त्या दोन वाचनालयांच्या कपाटांत असे किती दामोदर असतील, कोणास ठाऊक. कोणावर खोटा आळ असेल, कोणाला नको तितका मोठेपणा मिळाला असेल. कागद राहिला तर कधी ना कधी कोणीतरी बघेल.

देणगीचे फॉर्म प्रत्येक टेबलावर आहेत, चेक मंडळाच्या नावाने लिहावा. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची पत्रं आहेत, त्यांनी चेकबरोबर तीही आठवावीत. जुन्या ट्रंकेत असतील, तर पुढच्या भारतभेटीत एकदा उघडून बघा. वाचायला वेळ नसला तरी चालेल; फक्त, कोणाची आहेत आणि कुठून आली, एवढं एका चिठ्ठीवर लिहून वर ठेवा.

 आता वडे गार व्हायच्या आत थांबतो.